कौसाच्या विहिरीचं पाणी

मंगळवार, वैशाख. दिवेलागण.

म्हशी वाढल्या की माणसाचं नाक मरतं का? साठ म्हशींचा गोठा धुतलेलं पाणी उतारानं माझ्या जावेच्या, कौसाच्या विहिरीत झिरपून राह्यलं, अन् माझ्या पोराला, संजूला वास न्हाई आला! कौसा गुपचूप दोन शेतं ओलांडून घागर आणायची. मला तरी लवकर कुठं कळलं? दुधाची गाडी दारात लागली तवा मीबी फुगलेच होते.

कळलं तसं संजूला बजावलं, "आणखी चाळीस म्हशी खुशाल आण. पण कौसा तिच्या विहिरीचं पाणी माझ्यासमोर पिईल तवाच."

"अन् ती मुद्दाम न्हाई पिली तर?"

"मंग तुझं नशीब."

त्यानं तोंड फुगवलं, पण गोठ्याच्या पाण्याला टाकं बांधलं. आता ते पाणी मोटरीनं आमच्याच घासाला, म्हशींच्या चाऱ्याला जातं. तीच घाण, पण रान कसं काळंभोर हिरवं झालंय. विहीर दोनदा उपसली. तरी मी रोज जाऊन बादली नाकाशी धरायची. वास हाय का गेला? माझं मलाच खरं वाटंना.

आज कौसानं बादली ओढली अन् गटागटा पिली. तोंड पुसून म्हणते, "आक्का, तुमच्या जिभेपरीस गोड हाय."

किती दिवसांनी दोन भाकरी खाल्ल्या मी.

संजू लगेच नव्या दावणीची जागा बघून राह्यला. बघू दे. पण पुन्हा वास सुटला अन् कौसा दारात आली, तर त्यानं बायकोला, माझ्या सुनेला पुढं करायचं न्हाई. संजूनंच बाहेर यायचं अन् उभ्यानं उत्तर द्यायचं.