डिस्प्लेवरच्या चार रेघा

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

आज हौसरावाचा फोन! दौंडचा हौसराव – माझ्यासारखाच टायरवाला. वर्षातून एकदा फोन करतो, तोही काम अडलं की. एक गाडी आलीय म्हणाला, जुनी लोखंडी चाकं काढून चारही अलॉय टाकायचेत. पण चाकांत हवेचे सेन्सर आहेत. गेल्या वर्षी असाच एक सेन्सर काढताना त्यानं मोडला, आणि गिऱ्हाईकानं चारचौघांत त्याची शोभा केली. तेव्हापासून हात लावत नाही. चाकं शिरूरला पाठवतो, तुम्हीच जुने काढून नव्यांत बसवा, म्हणाला.

पाठव म्हटलं. मग तो घुटमळला.

"गाडी एस्थरताईंची हाय, मामा. कुणाकडं धाडतोय ते म्या त्यान्ला सांगितलं न्हाई."

तरी पाठवच म्हटलं, आणि फोन ठेवला.

बुधवार, ५ नोव्हेंबर

भाजीच्या टेम्पोतून चाकं आली. जुनी चार टायरसकट, नवी चार, हवेचे आकडे दाखवणारे दोन डिस्प्ले, एक जुना एक नवा – आणि मेथीची एक जुडी, टेम्पोवाल्याकडून. मेथी निवडायला घेतली आणि दोघांपुरती निवडली. सात महिने झाले तरी हाताला हिशोब कळत नाही.

एस्थर माझी एकुलती एक मुलगी. दौंडला दवाखान्यात नर्स आहे. हे सेन्सर मीच तिच्या चाकांत बसवले होते, तीन वर्षांपूर्वी, नोकरी लागली तेव्हा. पोर एकटी गाडी चालवणार, चाकात हवा आहे की नाही एवढं तरी बसल्या जागी दिसावं. तेव्हा हसली होती. "पप्पा, माझं ब्लडप्रेशर पण ह्याच्यावर दिसेल का?"

एप्रिलपासून बोलत नाही. तिची आई, माझी कृपा, गेली तेव्हापासून.

दुपारची वेळ होती. कृपा दुकानात तिच्या खुर्चीवर बसलेली. छातीत दुखतंय म्हणाली. माझं एका गाडीचं शेवटचं चाक राहिलं होतं. ते चढवलं आणि निघालो. दहा मिनिटं. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर. एवढंच म्हणाले, पण एस्थर तिथंच उभी होती. मी तिला सांगितलं, पाळकसाहेबांनाही सांगितलं, येईल त्याला सांगितलं – कृपाच म्हणाली, तेवढं चाक उरका, मग निघू.

एस्थरनं ऐकून घेतलं. मातीच्या दिवशी एकच वाक्य बोलली. "दहा मिनिटं, पप्पा." त्यानंतर फोन उचलत नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज फक्त तिचंच काम. दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं. लोकांना वाटलं असेल, म्हातारा झोपला.

सेन्सर काढणं हे घाईचं काम नाही. आतून व्हॉल्वलाच जोडलेला असतो, काड्यापेटीएवढा. मशिनचा फाळ व्हॉल्वजवळ दाबला की संपलं. आधी हवा पूर्ण सोडायची. मग व्हॉल्वच्या बरोबर समोरून टायरची कड सोडवायची. मग बाहेरून नट सैल करून सेन्सर हलकेच आत घ्यायचा. रबरी वायसर मात्र नवेच टाकायचे. जुने डोळ्यांना चांगले दिसतात, पण एकदा दबले की परत तेवढे बसत नाहीत. आणि नट आवळताना ताकद दाखवायची नाही. हौसराव तिथंच मार खातो. म्हशीची दावण बांधल्यासारखं आवळतो.

चारही धड निघाले! बॅटऱ्या अजून ठणठणीत. नव्या चाकांत बसवले, टायर चढवले, बॅलन्सिंग केलं. प्रत्येक सेन्सरला गाडीतली आपली जागा ठरलेली असते. पुढचं उजवं, मागचं डावं, असं डिस्प्लेला शिकवावं लागतं. जुन्या डिस्प्लेची बॅटरी मेलीय म्हणून हौसरावानं नवा दिलाय, त्यालाही सगळं शिकवलं. चाकांवर खडूनं जागा लिहिल्या.

मागच्या एका जुन्या टायरच्या खाचेत गुलमोहराच्या वाळक्या शेंगेचा तुकडा अडकलेला. कुठं लावत असेल गाडी? दवाखान्याला गुलमोहर आहे का, मला माहीत नाही. तिच्या खोलीवर मी एकदाच गेलोय, तेही सामान टाकायला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

चाकं पाठवली. त्याआधी शाम्पूनं धुतली. नवीच होती, धुवायची काही गरज नव्हती. पण माझ्या हातांचे काळे ठसे उमटले होते, ते तिच्याकडं जायला नकोत असं वाटलं. नंतर खडूच्या खुणा परत घातल्या.

जुना डिस्प्ले परत पाठवला नाही. हौसराव म्हणाला, कचऱ्यातच टाकायचा तो. चार्जरची वायर लावून ठेवली की चालतो. त्याला अजून ते चारही सेन्सर ओळखीचे आहेत. पण चाकं जवळ नसली की आकड्यांच्या जागी चार रेघा दाखवतो. ठेवलाय मशिनशेजारी फळीवर. ह्याला दहा-पंधरा पावलांपलीकडचं काही कळत नाही, आणि दौंड पन्नास किलोमीटर. मला हे सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर

उपासनेला गेलो. मागच्या बाकावर बसलो. कृपाची जागा अजून कुणी घेत नाही, लोक चांगले आहेत. बाहेर आल्यावर तीनचार जणांनी हात मिळवला, एस्थर कशी आहे विचारलं. मजेत, म्हटलं. घरी येऊन कुलूप उघडलं, तर आत इतकं शांत की परत बाहेर जावंसं वाटलं. दुकानात जाऊन बसलो. रविवारचं! चार रेघा.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

चार रेघा.

रविवार, १६ नोव्हेंबर

एकटं वाटतं. लिहून काढा, बरं वाटेल, असं पाळकसाहेब म्हणाले होते, म्हणून ही वही. लिहिलं. बरं वाटलं नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर



तीन वाजता हौसरावाचा फोन. मशिनवर कारेगावच्या एका गिऱ्हाईकाचा टायर चढवत होतो, फोन खांद्याला दाबून बोललो. त्याला बोलायला विषय नव्हता, सहज केला होता. सहज! म्हणाला, ताईंच्या गाडीचा तो डिस्प्ले जरा येडाच हाय. मागच्या डाव्यात हवा कमी दाखवतो. दोनदा भरली तरी आकडा हलत नाही. म्या म्हटलं, सेन्सर म्हातारा झाला, बघू नका तिकडं. आता त्या निघणार हायत, चार वाजता पुण्याला ट्रेनिंगला, हायवेनं.

आकडा हलत नाही म्हणजे हवा दुसऱ्याच चाकात जातेय. म्हणजे खुणा चुकल्यात. धुतल्यावर खडू गेला आणि मी आठवणीनं लिहिल्या. लिहिताना ह्याच दोन चाकांशी अडलो होतो, पुढचं उजवं आणि मागचं डावं – अदलाबदल! एकेका चाकाची थोडी हवा सोडून, डिस्प्लेवर कुठला आकडा उतरतो ते बघायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम. केलं नाही, ठसे पुसत बसलो. म्हणजे खरी हवा पुढच्या उजव्यात कमी. पुढचं चाक, आणि हायवे.

एस्थरला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. उचलला नाही. पाचव्यांदा उचलला.

"गाडी काढू नको," मी म्हटलं. "पुढच्या उजव्या चाकात हवा न्हाई."

"तुम्हाला कसं कळलं?"

"सेन्सर म्या काढून बसवले. खुणा चुकल्या. हौसरावाची चूक न्हाई, माझी हाय."

मग "बरं" म्हणाली आणि ठेवला.

सात महिन्यांनी आवाज ऐकला. जाड झालाय. सर्दी असेल.

सहा वाजता हौसरावाचा परत फोन. पुढच्या उजव्यात खिळा निघाला, बोटाएवढा. पंक्चर काढलं, दोन्ही चाकं आपापल्या जागी टाकली. ताई स्टूल घेऊन शेजारीच बसल्या होत्या म्हणाला, एक एक चाक तपासून घेतलं. पुण्याला गेल्याच नाहीत.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सकाळी कारेगावचं गिऱ्हाईक चाक न्यायला आलं.

टायर पूर्ण चढलेला होता. काल हौसराव बोलत होता तेव्हा अर्धाच चढला होता. मग कधी चढवला? आठवून बघितलं. त्याचा फोन ठेवला. काय झालंय ते मला कळलेलं होतं. तरी पाय पेडलवरच राहिला. राहिलेली कड आत घातली, मशीन बंद केलं, फडक्याला हात पुसले. आणि मग एस्थरला फोन लावला.

अर्धं मिनिट असेल, एक मिनिट असेल. पोर हायवेला लागणार होती आणि मी टायर पुरा केला!

आज दुकान उघडं ठेवलं, पण काम केलं नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

वहीशी तरी खोटं कशाला.

कृपा म्हणाली नव्हती, चाक उरका म्हणून. काहीच म्हणाली नव्हती. छातीत दुखतंय म्हणाली आणि माझ्याकडं बघत बसली. मी म्हटलं, आलोच. आणि हात चालू ठेवले. ती खुर्चीत वाट बघत होती आणि मी चाक पुरं करत होतो. तिला सवय होती ना, आयुष्यभर. माझं काम पुरं व्हायची वाट बघायची.

ती गेल्यावर तिच्याच तोंडी ते वाक्य घातलं. गेलेलं माणूस काही नाही म्हणायला येत नाही. इतक्या वेळा सांगितलं की मला तिचा आवाजसुद्धा ऐकू यायला लागला होता.

परवा हात थांबले नाहीत, तेव्हा तो आवाज बंद झाला.

रविवार, २३ नोव्हेंबर

उपासनेला गेलो नाही. दुकानात बसून एस्थरला मेसेज लिहिला. चार वेळा खोडला. शेवटी एवढाच गेला:

"तुझी आई चाक उरका म्हणाली नव्हती. मीच थांबलो नाही. तुला खोटं सांगितलं. बाकी काही मागत नाही. पप्पा."

पाठवल्यावर फोन ड्रॉवरमध्ये ठेवून ड्रॉवरला कुलूप लावलं. दुपारी उघडून बघितलं. वाचलाय. उत्तर नाही.

बरोबरच आहे तिचं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

उत्तर नाही. चार रेघा.

सोमवार, १ डिसेंबर

डिस्प्लेची वायर काढून टाकली. कशाला ते सारखं बघत बसायचं, रविवारीसुद्धा न चुकता? वय झालं आता.

तासाभरानं परत लावली.

रविवार, ७ डिसेंबर

नाताळची चांदणी माळ्यावरून काढली. दरवर्षी कृपा काढायची, मी फक्त शिडी धरायचो. एकट्यानं शिडीवर चढताना आधी भीती वाटली, मग राग आला, मग काहीच वाटलं नाही. दुकानाच्या दारावर चांदणी लागली. खालून बघून "जरा डावीकडं घ्या" म्हणणारं कुणी नव्हतं, त्यामुळं वाकडी लागलीय. राहू दे.

शुक्रवार, १२ डिसेंबर

अकराच्या सुमाराला मशिनवर तळेगावच्या एका गाडीचा टायर होता. कंप्रेसर चालू, बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. सहज फळीकडं नजर गेली तर रेघा नाहीत. आकडे! तेहेतीस. तेहेतीस. बत्तीस. तेहेतीस. चारही आपापल्या जागी.

पाय पेडलवरून काढला आणि तसाच बाहेर गेलो.

एस्थर आत कृपाच्या खुर्चीवर बसलीय. चांदणी वाकडी लागलीय, एवढंच म्हणाली. तळेगाववाला दोनदा विचारून गेला, टायर अर्धाच चढलाय, किती वेळ लागेल? त्याला म्हटलं, उद्या या.