तळ्याकाठचा वाढदिवस

३ मार्च

ती. दादास,
टिटवीचा सा. न. वि. वि.

विनंती काही नाही, विशेष मात्र आहे. तुझी लेक काल आठ वर्षांची झाली! तू तिकडे डोंगरात क्रेनच्या खोक्यात बसून पुलाचे तुकडे उचलत होतास, वहिनी वॉर्डात ड्यूटीवर, तेव्हा वाढदिवसाची सगळी सूत्रं माझ्या हाती. मुंगी आणि ढब्बू, दोघा भावंडांना घेऊन तळ्याकाठच्या बागेत गेले. बसमध्ये मुंगीने शेजारच्या आजोबांना सांगून टाकलं, की माझी आत्या दात बनवते, तुम्हाला हवे असतील तर आत्ताच सांगून ठेवा. आजोबा उतरेपर्यंत तोंड घट्ट मिटून बसले होते. मी आपली खिडकीबाहेर बघत राहिले. आज लॅबमध्ये ही गोष्ट सांगितली तर साहेब म्हणाले, पोरीला विक्री खात्यात घेऊ.

केक मीच केला. कवळ्यांचे साचे ओतते त्याच हाताने केल्यामुळे दिसायला अगदी देखणा झाला, चवीला मात्र प्लॅस्टरचा चुलतभाऊ. वारा इतका, की मेणबत्त्या पेटेनात. शेवटी मी टोपी आडवी धरली आणि कशाबशा पेटवल्या. एका जोडप्याला विनवून फोटो काढून घेतला, तो सोबत पाठवते. फोटोत ढब्बू नाही, तो तेव्हा जरा इकडेतिकडे गेला होता. सापडला लगेच. काळजीचं काही कारण नाही.

स्वेटर घालत जा. लोभ आहेच, तो तिकडच्या थंडीत गोठू देऊ नकोस.

तुझी,
टिटवी

१४ मार्च

प्रिय टिटवीस,
अनेक आशीर्वाद, आणि एक टपली.

पत्र आणि फोटो मिळाला. फोटो क्रेनच्या केबिनमध्ये काचेला चिकटवलाय. मुंगीचा हा दुसरा वाढदिवस माझ्यावाचून गेला. मागच्या सुट्टीहून निघताना तिला सांगून आलो होतो, की या खेपेला नक्की येतो. मुकादमाकडे रजा मागायला गेलो तर तो म्हणाला, खांबाचं काम अर्धवट टाकून जाणार असशील तर जा. मी गेलो नाही. दिवसभर एवढाली लोखंडी धुडं उचलतो, पण त्या दिवशी हाताला हलकं काहीच लागत नव्हतं.

आता मुद्द्याचं. मुंगी मला पत्र लिहिते तेव्हा पानभर ढब्बूच्या तक्रारी असतात. त्याने खोडरबर खाल्लं, त्याने माझ्या वहीवर पाणी सांडलं. या वेळच्या पत्रात दोनच ओळी आहेत. ढब्बू बरा आहे, मी त्याच्याकडे लक्ष ठेवते. एखाद्या चौकीदाराने साहेबाला वर्दी द्यावी तसं. तुझ्या वहिनीनेही लिहिलंय, की ती झोपेतसुद्धा त्याचं मनगट धरून असते. त्याला बाथरूमला जायचं झालं तरी ही दाराशी उभी.

टिटवे, तू लहान असल्यापासून मी तुला ओळखतो. बडबड करतेस तेव्हा सगळं ठीक असतं. जिथे चार शब्दांत आटोपतेस तिथे पाणी मुरत असतं. ते इकडेतिकडे म्हणजे नेमकं कुठे?

लोभ कमी झालेला नाही, काळजी तेवढी वाढली आहे.

तुझा,
दादा

२४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्यापासून काही लपत नाही. ऐक तर. मी मेणबत्त्यांशी झटापट करत होते, त्या गडबडीत ढब्बू निघून गेला. मान वर केली तर बाकावर त्याचा एक बूट, आणि तो नाही. समोर तळं.  नावा थांबवल्या. नाववाल्याने लांब बांबू घेतला आणि काठाकाठाने पाण्यात खुपसून बघायला लागला. मी हाका मारत होते, तो बांबू वर यायचा, पुन्हा आत जायचा. मुंगी माझ्या शेजारी उभी राहून त्या बांबूकडे बघत होती. तिचे डोळे मी झाकायला हवे होते, तेही सुचलं नाही.

तेवढ्यात पंपघराच्या मागून कुणीतरी ओरडलं. आपला ढब्बू तिथे एका पायात बूट घालून बदकांना डब्यात उरलेल्या केकच्या कडा भरवत बसला होता. बदकांनाही तो आवडला नसावा, कारण तुकडे तसेच पडलेले होते. वहिनीला मी त्याच संध्याकाळी सांगितलं, दादाला मीच कळवते असंही म्हटलं, पण बांबूचं सांगितलं नाही. ती दिवसभर आजारी माणसं बघून घरी आलेली, तिच्या डोक्यात आणखी ते चित्र कशाला, असं म्हणून स्वतःची समजूत घातली.

गेल्या रविवारी दोघांना जत्रेत नेलं. मुंगी गेलं वर्षभर मोठ्या पाळण्यासाठी माझ्या मागे लागली होती ना? तिकिटं काढून आले तर म्हणते मला नाही बसायचं. पाच वर्षांखालच्यांना त्यात घेत नाहीत, मग ढब्बूकडे कोण बघणार? मी म्हटलं, अगं, मी आहे ना. त्यावर ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग मीच नजर वळवली.

दात दुखावा तसा तो दिवस ठणकतोय. आता यावर तू मला रागावून लिही, मला बरं वाटेल.

तुझी,
टिटवी

२ एप्रिल

प्रिय वन्संस,
स. न. वि. वि.

एरवी मी तुला टिटवीच म्हणते, आज हात वळत नाही. आपली घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर, तरी पत्र लिहितेय, कारण समोर बोलले तर माझा तोल जाईल आणि तू रडशील आणि मग मीच तुला पाणी आणून देत बसेन. आपलं नेहमी असंच होतं.

काल शाळेत बोलावलं होतं. मुंगीच्या बाई म्हणाल्या, मधल्या सुट्टीत ती मैत्रिणींत खेळत नाही, डबाही खात नाही. शिशुवर्गाच्या खिडकीखाली जाऊन उभी राहते, ढब्बू दिसतो की नाही बघते. वर्ग चालू असताना दोनदा न विचारता उठून गेली. बाईंनी जवळ घेऊन विचारलं तेव्हा म्हणाली, तो माझ्यामुळे हरवला होता. कोण म्हणालं असं, तर म्हणाली, आत्या. सगळ्या लोकांसमोर आत्याने तिचे खांदे धरून गदागदा हलवलं आणि विचारलं, की तुला एक काम दिलं होतं, तेवढंही जमलं नाही का?

हे खरं आहे का? मुंगी खोटं बोलत नाही, म्हणून विचारायची गरज नाही, तरी विचारते.

पोर नजरेआड होतं. माझ्या वॉर्डात अशा आया रोज येतात आणि मी कुणालाही बोल लावत नाही. तुलाही लावला नव्हता. ढब्बू हरवला याचा मला राग नाही, त्या दिवशी मी स्वतः तिथे नव्हते. खरं सांगायचं तर ड्यूटी बदलून मिळत होती. पण बदल्यात रात्रपाळी करावी लागली असती, दोन दिवस पाठ धरली होती, आणि तू आहेस म्हणून मी घेतली नाही. मुंगीला सांगितलं, सुट्टी मिळाली नाही. ते माझं मला पुरेसं आहे. पण ज्या पोरीचा वाढदिवस होता तिच्याच गळ्यात तू हे बांधलंस, आणि मग महिनाभर दर रविवारी हसत हसत घरी येत राहिलीस, हे मला गिळता येत नाही.

येत्या रविवारी नेहमीसारखी ये. बाहेर कुठे न्यायचं नाही. आधी तिच्याशी बोल. काय बोलायचं ते मी सांगणार नाही.

लोभ आहे, पण सध्या त्याला ताप आहे.

तुझी,
वहिनी

७ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीने तुला कळवलं असेलच. खरं आहे सगळं. तू रागावून लिहायच्या आत उरलेलंही सांगते, कारण ते वहिनीलाही माहीत नव्हतं. मुंगीने सांगितलंच नव्हतं.

दादा, तिने त्याचा हात धरलेला होता. बागेत शिरल्यापासून धरलेला होता. फोटोसाठी माणसं खोळंबली होती, मेणबत्त्या विझायला लागल्या होत्या, आणि मीच ओरडले, की सोड त्याचा हात आणि इकडे येऊन उभी राहा. तिने विचारलंसुद्धा, ढब्बूला आणू का? मी म्हटलं, नको, तो केकमध्ये बोट घालेल. मी सोडायला लावला म्हणून तिने सोडला. आणि नाववाला पाण्यात बांबू घालत होता तेव्हा मी तिलाच धरून विचारलं, की हात का सोडलास. माणसं जमली होती, सगळे माझ्याकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघू नये म्हणून मी एक आठ वर्षांची पोर पुढे केली. याहून वेगळं काही म्हणता येत नाही. खूप प्रयत्न करून पाहिला.

काल गेले. वहिनीने दार उघडलं, ढब्बूला उचललं आणि शेजारच्या खोलीत गेली, पण दार लोटून घेतलं नाही. मुंगी जेवणाच्या टेबलाशी पेन्सिलींना टोक करत बसली होती. मी खुर्चीवर बसले, मग वाटलं उंच होतंय, म्हणून जमिनीवर बसले. वाटेत केवढी भाषणं जुळवली होती! त्यातलं एकही आठवेना. शेवटी एवढंच म्हटलं, की त्या दिवशी हात सोड असं मीच तुला सांगितलं होतं. चूक माझी होती आणि मी ती तुझ्यावर ढकलली.

तिने टोक करणं थांबवलं नाही. म्हणाली, मला माहीत आहे. मला वाटलं तू विसरलीस.

मी विचारलं, मग आईला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, सांगितलं असतं तर आईने तुला घरी येऊ दिलं नसतं, मग रविवारी आम्हाला कोणी नेलं असतं?

दादा, ती मला सांभाळत होती. ढब्बूला एका हाताने आणि मला दुसऱ्या.

मी रडायला लागले तेव्हा तिने पेन्सिलीची सालं गोळा करून टोपलीत टाकली आणि पाणी आणून दिलं. अगदी आईवर गेली आहे. मग विचारलं, की तो बांबू पाण्यात घालत होते ते ढब्बू खाली आहे का बघायला ना? मी खोटं बोलणार होते, पण नाही बोलले. हो म्हटलं. तेव्हा कुठे ती रडली. इतके दिवस हे कुणाला विचारावं ते तिला कळत नव्हतं. वहिनी दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं, हात सोडायला लावला तेही.  निघताना माझ्या हातात माझी छत्री दिली, जी मी महिन्याभरापूर्वी विसरले होते, आणि म्हणाली, पुढच्या रविवारी उशीर करू नकोस.

तू काय लिहायचं ते लिही. मी वाचेन.

तुझी,
टिटवी

१६ एप्रिल

प्रिय टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र केबिनमध्ये वाचलं. खालून सिग्नलवाला हात करून थकला, मला दिसलंच नाही. रागाने लिहायला तीनदा बसलो. दर वेळी माझंच वाक्य आडवं आलं. स्टँडवर बस सुटताना मी मुंगीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो होतो, की आता ढब्बूची जबाबदारी तुझी. सगळेच बाप म्हणतात तसं. ती तेव्हा साडेसहा वर्षांची होती. तू तिच्या गळ्यात जे बांधलंस त्याची दोरी आधी मी घातली होती.

म्हणून तुला रागावण्याचं काम मुंगीवरच सोपवतो, तिचा हक्क मोठा आहे. मी तिला वेगळं पत्र टाकलंय. ती जबाबदारी परत घेतो, असं स्पष्ट लिहिलंय. मुकादमाला सांगून ठेवलंय, की ढब्बूच्या वाढदिवसाला मी जाणार, खांब आहे तिथेच उभा राहील.

तुला लोभ, नेहमीइतकाच. मोजून बघितला.

तुझा,
दादा

१९ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी एकटीने लिहिलं आहे. आईने फक्त पत्ता घातला. तू जवळच राहतेस, पण बाई म्हणाल्या की पत्र पेटीतच टाकायचं.

बाबांचं पत्र आलं. ते ढब्बूच्या वाढदिवसाला येणार आहेत. ते आधी पण नक्की म्हणाले होते, त्यामुळे मी कुणाला सांगितलेलं नाही. तू पण सांगू नकोस. केक तू करू नकोस, आई म्हणाली विकतचा आणू. तुला वाईट वाटलं तर तू मेणबत्त्या लाव.

काल ढब्बूने माझं खोडरबर परत खाल्लं. तो फार वाईट मुलगा आहे. मी मधल्या सुट्टीत लंगडी खेळले आणि तिसरी आले. दोन वेळा मध्येच जाऊन खिडकीतून बघून आले, नाहीतर दुसरी आले असते.

आई म्हणाली, आत्याला माफ केलं असं लिही. पण बाबांनी लिहिलंय की तुला वाटेल तेव्हाच कर. मी अर्धं केलं आहे. उरलेलं कधी होईल ते माहीत नाही. झालं की सांगेन.

रविवारी जत्रेत जाऊ या. मी मोठ्या पाळण्यात एकटी बसणार आहे. तू खाली ढब्बूला घेऊन उभी राहा. पाळणा वर गेला की माझ्याकडे बघ, मी हात हलवीन. तू पण हलव, पण एकाच हाताने.

तुझी,
मुंगी