दोघींचं दुकान

प्रिय ठमाबाई,

ती तुझी जांभळी साइट आधी बंद कर, मग बाकीचं बोलू. थकले मी. शिवायला बसू की लोकांना तोंड देऊ? तू म्हणालीस, आई, कॉम्प्युटरला नुसतं सांगितलं आणि जेवण होईपर्यंत त्यानं साइट बनवून दिली. दिली असेल. पण त्याला आपलं दुकान दाखवलं कोणी?

पांढऱ्यावर राखाडी अक्षरं, तीही मुंगीएवढी. आपल्याकडे कपडे सैल-घट्ट करायला येणारी निम्मी माणसं चष्म्यावाली, त्यांनी काय वाचायचं? खाली सरकवत जावं तर दर वेळी काहीतरी तरंगत वर येतं, आणि फोन नंबर शेवटपर्यंत सापडत नाही. 'संपर्क करा' असं बटण मात्र ताटाएवढं. पोस्टातल्या बाईंनी त्यातून निरोप पाठवला, भावाच्या लग्नासाठी कोट सैल करायचा होता. त्यांना हिरवी खूण आली, 'लवकरच भेटू'. निरोप कुठे गेला देव जाणे, मला तर आला नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी त्या दारात उभ्या राहिल्या आणि गिऱ्हाइकांदेखत माझा उद्धार केला. मी काय सांगणार, बटण नुसतं शोभेचं आहे म्हणून?

आणि ती हसरी बाई कोण गं? मशिनवर बसलीय, सुईत दोरा नाही. समोरच्या लाँड्रीवाल्याच्या साइटवरही हीच, तसल्याच जांभळ्यात. तो मला विचारतो, मावशी, तुमच्याकडची बाई माझ्याकडे इस्त्रीला कधी लागली? तेव्हा हसले. घरी आल्यावर काही हसू आलं नाही. ज्यांचं तोंडही पाहिलं नाही अशी माणसं साइटवर माझी स्तुती करतायत. 'परंपरा आणि नावीन्याचा संगम' म्हणे. मी पँटची चेन बदलते बाई, संगम कसला?

सगळंच खोटं, म्हणून पुसून टाक म्हणणार होते. पण अगदी तळाशी एक ओळ आहे, 'आई आणि मुलगी, दोघी मिळून चालवतो.' तू दुकान सोडून गेल्यापासून तुझ्या मशिनवर मी उसवलेल्या कपड्यांचा ढीग टाकते. शनिवारी ते मशिन विकत न्यायला माणूस येतोय. ती ओळ कॉम्प्युटरनं ठोकून दिली, की तू लिहिलीस? फोनवर विचारलं तर 'बघू' म्हणून ठेवून देशील, म्हणून हे लिहिलं. शुक्रवारपर्यंत कळव. तू की तो, एवढंच.

तुझीच,
आई