मिसबाईंच्या हयातीचा कागद

मिसबाई,

आज सकाळी मी एका म्हाताऱ्या हवालदाराला जिवंत केलं. म्हणजे त्याच्या हयातीचा दाखला लिहून दिला. वडूजच्या कचेरीबाहेर लिंबाखाली टेबल मांडून मी असले कागद लिहितो, त्यावरच पोट भरतं. हवालदार काठी आपटत म्हणाला, "आरं पोरा, मी तुझ्याम्होरं हुभा हाय, तंबाकू मळतोय. तरी पेन्शनवालं म्हंत्यात, जित्ता हाईस ह्याचा कागद आण. मेल्यालं मानूस तंबाकू मळतंय व्हय रं?" रांगेतली माणसं खदखदली. मीही हसलो आणि पुढचे दोन अर्ज चुकवले. घरी आल्यावर भाकरी नको म्हणालो तर आईनं कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. तुम्हाला जाऊन सात वर्षं होत आली, आणि तुमच्या असल्याच एका कागदाचं तुम्हाला सांगायचं राहून गेलंय.

तुमचं काम मी करायला लागलो ते कॉलेज सोडून आलो तेव्हापासून. साताऱ्याला इंटरच्या वर्गात इंग्रजीच्या सरांनी मला उभं करून एक उतारा वाचायला लावला आणि माझ्या उच्चारांवर सगळ्या वर्गाला हसवलं. मी पुस्तक टेबलावर आपटलं आणि जो बाहेर पडलो तो थेट एस.टी.त बसलो. आई रडली. तुम्ही रडला नाहीत. तुम्ही म्हणालात, "लय शाणा झालास व्हय? बरं. आता माजं कागुद तू बगायचं." तुमचे कागद म्हणजे काय प्रकरण होतं, ते गावात कुणालाच नीट कळायचं नाही. मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं बाळंतपणं करून तुम्ही निवृत्त झालात आणि विलायतेला परत न जाता वडूजात दोन खोल्या घेऊन राहिलात. पेन्शन मात्र तिकडं तुमच्या गावच्या बँकेत जमा व्हायची. तिथून ती दर तीन महिन्यांनी साताऱ्याच्या बँकेत यायची, आणि हे पैसे कुठले, कशाचे, हे इथं दरवेळी नव्यानं फॉर्म भरून सांगावं लागायचं. शिवाय वर्षातून एकदा तिकडून एक निळसर कागद यायचा. या बाई जिवंत आहेत, मी त्यांना समोर पाहिलं आहे, असं त्यावर कुणा डॉक्टरनं किंवा अंमलदारानं सही-शिक्क्यानिशी लिहून द्यायचं. तो कागद परत पोचला की पुढच्या वर्षाची पेन्शन सुरू.

तुमचं मराठी मला आज आठवतं तेव्हा हसू येतं. ते तुम्ही बाळंतिणींच्या उशाशी शिकलात, त्यामुळं त्यात होतं ते सगळं धीर द्यायचं, दटावायचं. एकदा मी तुम्हाला साताऱ्याला नेलं होतं. बँकेतला मॅनेजर खातेवही शोधून घामाघूम झालेला, तर तुम्ही त्याला म्हणता, "आवं, घाबरू नगा, जरा दम धरा, आता सुटतंय बगा." शिपाई तोंडात रुमाल कोंबून बाहेर पळाला. मीही तुमच्याच हातावर झालेलो. छप्पनला आम्ही दीक्षा घेतली, आईनं गावकीची कामं टाकली आणि ती तुमच्याकडं स्वयंपाकाला आली. गावातलं दुसऱ्याचं हे एकच घर, जिथं ती चुलीपाशी पाट घेऊन बसायची आणि मालकीण लसूण सोलत तिच्या शेजारी. मी दारातनं बघायचो. तुम्ही आमच्या आहात, आमच्याच, असं मला वाटायचं.

मग तो डॉक्टर आला. पुण्याकडचा, तरणा, सरकारी दवाखान्यात. त्याच्या हाताखाली ती नर्स. कलेढोणकडची, आमच्याच समाजातली, आमच्यातली पहिलीच शिकून नर्स झालेली. तिच्यासाठी मी काय काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. बरा असताना तीनदा धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "किती खिळं घुसत्यात ओ तुमाला? चप्पल घाला की."

ती दर रविवारी तुमच्याकडं शिवण शिकायला यायची. डॉक्टरही चहाला यायला लागला. आणि तो तुमच्याशी इंग्रजीत बोलायचा. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा. आत आई भाकरी थापतेय. बाहेर तुम्ही खुर्चीत पुढं सरकून काहीतरी सांगताय, हातवारे करताय, मधेच थांबून एखादा शब्द आठवताय आणि तो सापडला की टाळी वाजवून हसताय. ते हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. आमच्याशी बोलताना तुम्ही हसायचात ते पोट धरून, आमच्या बायकांसारखं. हे निराळंच होतं, बारीक, एखाद्या कॉलेजातल्या पोरीचं असावं तसं. डॉक्टर मान डोलवतोय, मधेच काही विचारतोय, आणि ती सुईत दोरा तसाच धरून त्याच्याकडं बघतेय. माझ्या अंगाची लाही लाही. आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "आज भाकरीपरीस तुजंच त्वांड जास्त फुगलंय की रं."

त्याच आठवड्यात निळा कागद आला. आधीची वर्षं मामलेदार सही द्यायचे. त्यांची बदली झालेली. तुम्ही म्हणालात, "डाक्टरकडनं सही घे. भला हाय त्यो." भला! मी दवाखान्यात गेलो. तो टेबलावर बसून संत्रं सोलत होता आणि त्यानं फोडी केल्या त्या तिच्यापुढं धरल्या. तिनं एक उचलली. एवढंच. मला बघून तो म्हणाला, "अरे, बाहेर बस जरा, बोलावतो." मी बाकावर बसलो, आणि आतून दोघांचं हसू आलं. मी उठलो तो थेट घरी. चूल पेटलेलीच होती. कागद चौघडी करून आत सारला. आई परड्यातनं आली, वास घेतला आणि म्हणाली, "काय जाळलंस रं?" "काय न्हाई." दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "कागुद टाकलास न्हवं पोष्टात?" मी म्हणालो, टाकला.

मला वाटलं होतं, एक कागद गेला तर तिकडून दुसरा येईल, तो मी साताऱ्यात कुणाकडून तरी सही करून आणीन. ऐकायला किती सोपं. तीन महिन्यांनी साताऱ्याच्या बँकेत पैसे आले नाहीत. सहा महिन्यांनीही नाही. मग तिकडून पत्र आलं, तुमच्या नावाचं नव्हे, 'या घरातल्या जबाबदार व्यक्तीस' म्हणून. तुम्ही चष्मा लावून ते आईला आणि मला मराठीत सांगितलंत. "म्हंत्यात, म्हातारी गेली का? गेली आसंल तर कवा गेली ती तारीक कळवा." आई "आगं बया" म्हणून खाली बसली. तुम्ही हसून हसून डोळे पुसले आणि माझ्यापुढं पत्र धरलंत. "जबाबदार मानूस कोन हाय रं ह्या घरात? तूच की. लिव, अजून गेली न्हाई म्हणून." मी पेन घेतलं. तारीख टाकली आणि बाकीचं उद्या लिहितो म्हणून पत्र खिशात घातलं.

हसण्यावारी जाण्याजोगं ते नव्हतं. आठ दिवसांत मिशनचं पत्र आलं. पेन्शन बंद झाल्याचं त्यांना कळलं होतं. अशा वयात एकटीनं राहणं बरं नव्हे, तिकडं म्हाताऱ्या नर्सांसाठी घर आहे, बोटीचं तिकीट आम्ही काढतो, तयारीला लागा, असं होतं त्यात. तिसऱ्या दिवशी आईला म्हणालात, "तिकडं माजं कोन हाय गं? मला तर तिकडची थंडी बी सोसंना आता." आईनं तुमचे पाय धरले. "आवं बाई, जाऊ नगासा. आमी घालू दोन घास." मी तिथंच होतो. तोंड उघडलं असतं तर डॉक्टरनं काय, कुणीही सही दिली असती, एक साधा कबुलीचा कागद बरोबर जोडला असता. मी उघडलं नाही. कारण तो डॉक्टर कळल्यावर कसा बघेल आणि ती कशी बघेल, एवढंच माझ्या डोक्यात.

शेवटी ते काम त्यानंच केलं. त्याला तुम्ही रविवारी सांगितलंत. त्यानं पुण्याहून मोठ्या साहेबांच्या ओळखी काढल्या, टाइप केलेलं लांबलचक पत्र धाडलं, नवा कागद मागवला, तुमची नाडी बघून सही केली आणि शिक्का मारला. रजिस्टर करायला साताऱ्याला घेऊन जायला मलाच दिलं. पुसेगाव सुटल्यावर एस.टी.च्या खिडकीतून ते पाकीट भिरकावून द्यावं असं मला वाटलं, खोटं कशाला बोलू. तुम्ही जिवंत आहात हे त्यानं लिहिलेलं मला सोसत नव्हतं. पण पोचवलं. पावती तुमच्या हातात दिली तेव्हा तुम्ही ती बघितली नाहीत, माझ्याकडं बघत राहिलात. मग म्हणालात, "प्वार आडवं आलं की बाई बी मरती नि प्वार बी. खोटं बी तसंच आसतंय. सरळ येऊ दे." मी म्हणालो, "काय म्हंता मिसबाई, कळंना." तुम्ही मान हलवली आणि लसूण सोलायला आत गेलात. पेन्शन सुरू झाली. बोटीचं तिकीट परत गेलं. पुढं चीनची लढाई झाली, त्या हिवाळ्यात तुम्ही वडूजातच गेलात, तुमच्या खाटेवर, आईचा हात धरून.

ती मुलगी डॉक्टरची झाली नाही. तिनं मिरजेच्या रेल्वेतल्या एका माणसाशी लग्न केलं. डॉक्टर त्या लग्नात वाढायला होता, हसत होता. इतका जळफळाट मी कुणासाठी केला, देव जाणे. अजून मिरजेची गाडी दिसली की मान तिकडं वळते, पण ते आपलं सवयीनं. मला झोंबतं ते दुसरंच.

मागं एकदा आई बोलून गेली. "बाईस्नी आपल्या बोलीत बाळंतपनाचंच बोलता यायचं रं. त्येंच्या आईचं, घरचं, ल्हानपनचं कायबी सांगता यायचं न्हाई. लय अडून बसायच्या, मग सोडून द्यायच्या." तेव्हापासून मी विचार करतोय. वीस वर्षं आम्ही तुम्हाला आमच्या म्हणत होतो आणि तुमच्या आईचं नावसुद्धा आम्हाला माहीत नाही. तुमच्या घरी भाकरीच्या जागी काय असायचं, तुम्ही तरुणपणी कुणावर रुसला होतात, बोटीवर चढताना कोण रडलं, ते सगळं त्या डॉक्टरला माहीत आहे. रविवारी चहा पीत पीत तुम्ही त्याला देऊन टाकलंत. तुम्हाला बोलायला कुणीतरी मिळालं याचा मला आनंद व्हायला हवा होता. होत नाही. अजून होत नाही, मिसबाई. तो अजून इथंच आहे, केस पिकायला लागलेत, नाडी बघून झाली की अजून संत्रं सोलतो. विचारलं तर तो सगळं सांगेल, भला आहेच तो.

गेल्या महिन्यात तेच विचारायला मी त्याच्या दवाखान्यात गेलो होतो. माझी पाळी आली. तो म्हणाला, "काय होतंय?" मी म्हणालो, खोकला. त्यानं छाती तपासली, बाटलीत औषध भरून दिलं. मला खोकला नव्हता. औषध मात्र सगळं प्यालो.