दादाच्या दातावरची कॅप

बेळगाव, ८ डिसेंबर

प्रिय धर्मादादा,

वाकून नमस्कार. मी इथे मजेत आहे. सुनेच्या लॅबमधली दातांच्या कॅप भाजायची भट्टी मीच सांभाळते. जुनी बी.एस्सी. अखेर कामी आली.

वहिनीचा गुडघा कसा आहे? नुसतं तेल चोळत बसू नका, अलिबागला नेऊन डॉक्टरला दाखवा.

आता मुद्द्याचं. मी पाठवलेली कॅप फुटली तेव्हा तुला फोनवर फाडफाड बोलले, "चिंबोरीची नांगी फोडली असशील!" तू म्हणालास, "न्हाय गं बाय, वरणभात खात होतो." मी ऐकलं नाही. तेव्हापासून तू चिंबोरीच काय, कुठल्याच खेकड्याला हातही लावत नाहीस, असं वहिनी सांगते.

काल मी तशाच दोन कॅप भाजल्या. एक भट्टीत सावकाश निवू दिली. दुसरी गरम असतानाच बाहेर काढली, कारण तुझीही तशीच काढली होती. तुझ्या लेकीच्या, अमिषाच्या साखरपुड्याआधी ती तुला मिळायला हवी होती ना! मग दोन्हींवर सारखा दाब दिला. पहिली टिकली. दुसरीचा वरचा थर तुझ्या कॅपसारखाच उडाला. घाईने थंड केलं की कॅपच्या चिनीमातीत ताण राहतो. हे ठाऊक असूनही मी घाई केली.

चूक माझी होती, दादा.

सोबत नवी कॅप आहे, नीट निववलेली. बसवताना डॉक्टरांनी घासलीच, तर पुन्हा गुळगुळीत करायला सांग, नाहीतर बारीक चिरा राहतात.

आणि फोन करून मला चार शब्द सुनाव. या वेळी मी मध्ये बोलणार नाही.

तुझी धाकटी,
क्रांती