दिवसा सांगितलेली गोष्ट

आई, सतरा मे, दुपारचे अडीच. त्या वेळी भर अंगणात, सगळ्या बायकांसमोर, तू मला खुनी ठरवलंस. मी नऊ वर्षांची होते.

सकाळी जंगलातून बिड्यांसाठीचा तेंदूपत्ता तोडून बायका आपल्या अंगणात आंब्याखाली पानांचे पुडे बांधत बसल्या होत्या. मी त्यांना गोष्ट सांगत होते, जंगलात गेलेल्या माणसाला राक्षसीण घरी घेऊन जाते अशी, तिथल्या तिथे रचलेली. शेजारची काकू विचारते, "मंग वो? जेवाले वाढलं का तिनं त्याले, का तोच तिचं जेवण?" सगळ्या हसतात. तू चुलीजवळून ओरडतेस, "दिवसा कहानी सांगू नोको म्हनलं ना! मामा वाट चुकते." आपल्याकडे हे प्रत्येक पोराला सांगतात, कामं अडू नयेत म्हणून. काकू म्हणते, "सांगू दे वो, हात चालते आमचे." मी सांगत राहते.

दुपारी मामाला खाटेवर घालून आणलं. चांगली पानं पाहून तो एकटाच नाल्यापलीकडे गेला होता, तिथे वाघाने गाठलं. तू आधी रडलीसुद्धा नाहीस, माझ्याकडे बोट केलंस. "हिनं वाट चुकवली माह्या भावाची. हिच्या कहानीनं खाल्लं त्याले." काकू म्हणाली, "अवो, लेकरू हाय ते." तुझं बोट खाली आलं नाही. शाळा उघडल्याबरोबर मला चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये ठेवलंस. तिथे सिस्टर म्हणाल्या, ही अंधश्रद्धा. मी मान डोलावली, आणि पुढे स्वतःच्या मुलांनासुद्धा कधी गोष्ट सांगितली नाही. गडचिरोलीच्या कचेरीत जन्मभर इतरांची पत्रं लिहिली. त्या पत्रांनी कोणी मरत नाही.

निवृत्तीनंतर मात्र राहवेना. कादंबरी लिहिली. मोतीबिंदूमुळे दिव्याखाली दिसत नाही, म्हणून सगळी दिवसाउजेडी लिहिली. तिच्यातही एक माणूस जंगलात जातो; मला दुसरं काही सुचतच नाही. आणि तुझा धाकटा, माझ्या मुलांचा मामा, अजून सिंदेवाहीकडच्या रानात पानं तोडायला जातो. मी चार ओळी लिहिते आणि त्याला फोन करते. तो हसतो, "काऊन वो बाई, मेलो का पाहाले फोन केला? लिहून राह्य तू. मी वाटेवरच हाव." आज सकाळपासून त्याचा फोन लागत नाही. रानात रेंज नसते, हे मला ठाऊक आहे. तरी शेवटचं प्रकरण तसंच पडलंय. प्रकाशकाला ते सोमवारी हवं आहे.

मामाला वाघाने मारलं, आई. तुझं दुःख मी समजू शकते, ते बोट नाही. तू जिवंत होतीस तोवर मी विचारलं नाही, कारण तू पुन्हा तेच म्हणशील याची भीती होती. आता विचारते. ते वाक्य मागे घे. लेखी दे, रविवारी सूर्य उगवायच्या आत. मुदतीत उत्तर आलं नाही, तर तुझी हरकत नाही असं धरून मी शेवटचं प्रकरण लिहायला घेईन.

पण उत्तर दे गं. मला एकटीने तसं धरवत नाही.