गोचीड? छे, आमच्याकडे नाही!

सीवूड्स, ५ सप्टेंबर २०२५

ती. पुतळाआत्या यांस,
रंजिताचा शि. सा. न. वि. वि.

फॅमिली ग्रुपवर सगळेच वाचतात, म्हणून हे पत्र माझ्या लेकीच्या, प्रियाच्या हाती धाडतेय. सासूबाईंचा ताप नवव्या दिवशीही हटत नाही. डेंग्यू निघाला नाही, मलेरियाच्या गोळ्या झाल्या. तुमच्या भाच्याला, हितेशला मात्र प्लेटलेटपलीकडे काही दिसत नाही. रोज सकाळी आकडा ग्रुपवर टाकतो. चढला की सगळे अंगठे दाखवतात, उतरला की हात जोडतात. उलव्याहून दिपेशभाऊजींनी किवीची पेटी पाठवलीय.

डॉक्टर भलतेच आकडे बघतात. हिमोग्लोबिन घसरतंय, एलडीएच चढतंय, म्हणजे लाल पेशी फुटतायत म्हणे. सासूबाईंची प्लीहा पूर्वीच काढलेली, त्यामुळे जिवाला धोका आहे. जनावरांशी संबंध आला का, गोचीड चावली का, असं त्यांनी विचारलं. हितेश सोसायटीचा सेक्रेटरी! त्यानं फॉर्मवर ठसठशीत ‘नाही’ लिहिलं आणि वर सुनावलं, की आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो.

सासूबाई रोज दुपारी तुमच्याकडे भजनाला येतात. तिथे काही चावलं का हो?

आशीर्वादाचा हात राहू द्या.
तुमची सून,
रंजिता

सारसोळे, ५ सप्टेंबर

चि. सौ. रंजिता हिस,
अनेक आशीर्वाद.

कसलं भजन गो! विमलवहिनी माझ्या शेळ्यांकडं येते. एकेकीचा कान धरून गोचड्या काढते नि नखावर चिरडते. गेल्या म्हैन्यात तिच्याच काखेत एक चिकटली होती, ती मीच उपटली. तुला सांगायचं नाय म्हनून तिनं शपथ घातलेली.

हितेशला सांग, चौदाव्या मजल्यावर चढलास तरी याच गोठ्यातलं दूध पिऊन वाढलास. पन आधी दाक्तरला सांग, मग भांड. वहिनीच नसली तर शपथ पाळून मी काय करू?

पोरी, माया पातळ करू नको.
पुतळाआत्या

सीवूड्स, ९ सप्टेंबर

ती. आत्या,
सा. न.

हितेशसमोरच मी तो ‘नाही’ खोडला. लोक ऐकतील, एवढंच तो म्हणाला. डॉक्टरांनी रक्ताची काच पुन्हा तपासून घेतली. मलेरिया समजलो होतो तो निघाला बबेसिया, गोचिडीतून येणारा परजीवी. औषध बदललं. आज ताप नाही, हिमोग्लोबिन सावरलंय, एलडीएच उतरलंय. उतरलं हे वाचून ग्रुपवर सगळ्यांनी घाबरून हात जोडले! हितेश आता लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतो, की असा आजार लाखात एखाद्यालाच होतो.

लपवलंत का, असं मी सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, आमच्या लग्नानंतर एकदा त्या गोठ्यातून आल्या तेव्हा मी उठून खिडकी उघडली होती. तेव्हापासून तुमच्याकडे लुगडं बदलूनच घरी येतात. एकोणीस वर्षं.

आत्या, मला ती खिडकी आठवतसुद्धा नाही.

रागवा, पण परकी करू नका.
तुमची,
रंजिता